जुन्या रस्त्याने मावळ : भातखाचरांतून भाजे, लोहगड आणि पवनाकाठ

पुणे आणि मुंबई या दोन महानगरांमधील अंतर आता किलोमीटरमध्ये नव्हे, तर तासांत सांगितले जाते. सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि प्रवासाचा वेळ कमी झाला. मात्र हा मार्ग ज्या मुलखातून जातो, त्या मुलखाशी प्रवाशाचा संबंधही त्याच वेळी तुटला. वाहनाच्या काचेतून डोंगर दिसतात, पावसाळ्यात धबधबे दिसतात आणि मधूनच हिरवा पट्टा सर्रकन मागे जातो. हा हिरवा पट्टा म्हणजे मावळ. पाहता पाहता मागे पडणारी ही हिरवाई आपोआप उगवलेली नाही. ती शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी बांध घालून, चिखल तुडवून आणि पाणी अडवून तयार केलेली आहे.

ती पाहायची असेल, तर द्रुतगती मार्ग सोडून जुन्या रस्त्याला लागावे लागते. तळेगाव, वडगाव, कामशेत ही बाजाराची गावे ओलांडत कार्ला फाट्याला यायचे, तेथून मळवलीमार्गे भाजे, पुढे लोहगडाचा घाट चढून पवना धरणाच्या काठी उतरायचे आणि पवनानगरहून पुन्हा कामशेत गाठायचे, अशी ही एका दिवसात होणारी फेरी आहे. वाटेत लेणी आहेत, किल्ले आहेत, धरण आहे आणि या सर्वांना जोडणारी शेती आहे. सुटीच्या दिवशी हजारो शहरवासीय या रस्त्याने जातात. परंतु शेतीकडे बहुतेकांची नजर केवळ छायाचित्राची पार्श्वभूमी म्हणूनच जाते.

एका खोऱ्यात सगळे रस्ते

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावणाऱ्या नद्यांची खोरी म्हणजे मावळ. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही येथील खोऱ्यांची नावे आजही बोलण्यात आहेत. दिवस मावळतो ती पश्चिम दिशा म्हणून हा मावळ, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. दुसरीकडे कार्ल्याच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत ‘मामाल’ हे प्रदेशाचे नाव येते आणि अभ्यासक आजच्या मावळाचा संबंध त्याच्याशी जोडतात. ते ग्राह्य धरले तर हे नाव किमान अठराशे वर्षे जुने ठरते.

या भूभागाचे महत्त्व एका घाटामुळे आहे. कोकणातून देशावर चढण्यासाठी ज्या मोजक्या वाटा सोयीच्या होत्या, त्यांत बोरघाट प्रमुख होता. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत उतरलेला माल याच परिसरातून दख्खनच्या पठारावर जात असे. घाटाच्या पायथ्याशी कोंडाणे आणि घाटमाथ्यावर भाजे, कार्ले व बेडसे अशी लेण्यांची साखळी दिसते, ती या व्यापारी मार्गामुळेच. पुढे याच घाटात १८३० मध्ये इंग्रजांनी गाडीरस्ता खुला केला. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे १८५८ मध्ये धावली आणि घाटातील अवघड टप्पा पूर्ण होऊन १८६३ मध्ये मुंबई व पुणे लोहमार्गाने जोडले गेले. त्यानंतर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चार, ज्याला आता ४८ हा क्रमांक आहे, आणि अखेरीस द्रुतगती मार्ग, असे सारे रस्ते याच अरुंद खोऱ्यातून काढावे लागले. कारण दुसरी सोयीची वाट निसर्गानेच ठेवलेली नाही.

रस्त्यांना जागा लागते आणि खोऱ्यातील सपाट जागा म्हणजे भाताची जमीन. मावळातील गावांचा इतिहास या एका वाक्यात बराचसा सामावतो.

तळेगाव ते कामशेत

पुण्याहून निघाल्यावर देहूरोड आणि सोमाटणे फाटा मागे पडला की तळेगाव दाभाडे लागते. सरसेनापती दाभाडे यांचे हे गाव. रेल्वे स्थानक आणि औद्योगिक वसाहत यांमुळे त्याचे आता शहर झाले आहे. पुढे अवघ्या काही किलोमीटरवर मावळ तालुक्याचे मुख्यालय असलेले वडगाव आहे. जानेवारी १७७९ मध्ये येथे मराठ्यांनी इंग्रजांना तहावर सही करण्यास भाग पाडले. रघुनाथरावांना गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी उघड मैदानात गाठण्याची घाई केली नाही. वाटेतील मुलूख उजाड करून त्यांनी शत्रूची रसद तोडली. फौज तळेगावापाशी आली, तेव्हा गाव जळत होते. माघार घेणाऱ्या या फौजेला वडगावात वेढा पडला. महादजी शिंदे यांचे स्मारक आज या विजयाची आठवण देते. विजयाचा अभिमान यथार्थच आहे. पण शत्रूला दाणा मिळू नये म्हणून जे पेटविले गेले, ते येथील रयतेचे होते, हेही त्या इतिहासाचेच अंग आहे.

वडगावहून पुढे कान्हे फाटा आणि मग कामशेत येते. नाणे मावळ व पवन मावळ या दोन्ही भागांतील गावांची ही बाजारपेठ. बी-बियाणे, खते, ताडपत्री, कोयते, भांडीकुंडी यांची दुकाने रस्त्याच्या दुतर्फा आहेत. अलीकडे पॅराग्लायडिंगसाठीही कामशेतचे नाव घेतले जाते. द्रुतगती मार्गावरील प्रवाशाला कामशेत म्हणजे केवळ एक बोगदा वाटतो. जुन्या रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र कोणत्या गावाचा माणूस काय विकावयास आणि काय खरेदी करावयास येतो, हे येथे थांबल्यावर पाहता येते.

हिरवा रंग कशाचा?

कामशेत सोडून पश्चिमेकडे निघाले की पावसाचे प्रमाण दर काही किलोमीटरला वाढत जाते. पुणे शहरात वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्याची सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे आहे. अवघ्या ६५ किलोमीटरच्या अंतरात होणारा हा बदल पिकांतही दिसतो. पूर्वेकडील ज्वारी-बाजरी मागे पडते आणि खाचरे सुरू होतात.

खाचर म्हणजे चहूबाजूंनी बांध घालून समतल केलेला भाताचा तुकडा. डोंगराकडून येणारे पाणी वरच्या खाचरात साठते, बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या खाचरात उतरते आणि असे पायरीपायरीने ओढ्यापर्यंत पोहोचते. उतारावरची माती वाहून न जाता शेतातच राहते, तीही या रचनेमुळेच. पाणी किती ठेवायचे आणि कधी सोडायचे, हे एकट्या शेतकऱ्याच्या हाती नसते. वरच्याने तोंड फोडले तर खालच्याचे भरते आणि वरच्याने अडविले तर खालच्याचे सुकते. त्यामुळे भातशेती हा मुळातच शेजारधर्माचा व्यवहार आहे. लावणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतावर राबण्याची इर्जिकीची प्रथाही याच गरजेतून आली.

पीक हाती येईपर्यंतचा क्रम ठरलेला असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस रोपे करावयाच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, गवत आणि शेण पसरून ते पेटवितात. याला राब भाजणे म्हणतात. तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते. मृगाच्या सुमारास पेरणी होते. रोपे हाताएवढी झाली की खाचरात पाणी कोंडून चिखलणी करतात आणि लावणीला सुरुवात होते. वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रियांच्या रांगा हे जुलै महिन्यातील मावळाचे खरे चित्र आहे. पूर्वी डोक्यावर बांबूच्या कामट्या व पाने यांची इरली दिसत. आता प्लॅस्टिकची खोळ दिसते. बैलजोड्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी पॉवर टिलर आले आहेत. लावणीचे काम मात्र अजूनही बहुतांशी हातांनीच होते. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी आणि त्याच ओलीवर हरभरा, मसूर किंवा पावटा, असे हे वर्ष पुरे होते. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी आणि वरई घेतली जाते.

मावळच्या भाताचे नाव शहरातील स्वयंपाकघरांत पोहोचले ते इंद्रायणी वाणामुळे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने हा वाण विकसित केला आणि १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला. आंबेमोहोराला सुगंध होता, पण त्याचे पीक उंच वाढून वाऱ्या-पावसात लोळत असे आणि उताराही कमी मिळे. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये दिलेला आयआर ८ हा वाण बुटका आणि भरघोस उत्पन्न देणारा होता, पण त्याला आंबेमोहोराची चव नव्हती. या दोहोंचे गुण एकत्र आल्यामुळे इंद्रायणी शेतकऱ्याला परवडला आणि ग्राहकाला रुचला. पुणेकरांच्या ताटातील मऊ, किंचित चिकट आणि सुवासिक भात असा या रस्त्यावरच्या एका संशोधन केंद्रातून आलेला आहे.

भाजे : उंचीवरून दिसणारे खोरे

कार्ला फाट्यावर रस्त्याच्या दोन वाटा होतात. उत्तरेच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आणि एकवीरा देवीचे मंदिर आहे, तर दक्षिणेला इंद्रायणी ओलांडून मळवली स्थानकापाशी जाता येते. तेथून लोहमार्ग व द्रुतगती मार्ग पार केला की भाजे गाव लागते. विसापूरच्या डोंगराच्या कुशीतील हे गाव लेण्यांना आपले नाव देऊन प्रसिद्ध झाले आहे.

गावातून पायऱ्या चढून गेल्यावर समोर येणारे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील, म्हणजे देशातील सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी आहे. त्याचे खांब आत झुकलेले आहेत आणि छताला लाकडी फासळ्या आहेत. दगडात कोरलेल्या दालनाला वास्तविक लाकडाच्या आधाराची गरज नसते. परंतु कारागिरांचा हात लाकडी बांधकामाला सरावलेला होता आणि घर म्हटले की तुळया-फासळ्या हव्यातच, ही कल्पना त्यांच्या मनात पक्की होती. त्यातील काही लाकूड आजही टिकून आहे आणि त्यावर ब्राह्मी अक्षरेही आढळली आहेत. दोन हजार वर्षे कोसळणाऱ्या पावसाच्या प्रदेशात लाकूड टिकावे, ही थोडी गोष्ट नव्हे. जवळच एका ठिकाणी चौदा स्तूपांचा समूह आहे आणि दक्षिणेकडील विहारात रथारूढ सूर्य व गजारूढ इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत.

पर्यटक बहुधा ही शिल्पे पाहून परततात. त्या मानाने साधे दिसणारे एक पाण्याचे टाके दुर्लक्षित राहते. कौशिकीपुत्र विष्णुदत्त या महारठीने हे टाके दान दिल्याचा लेख तेथे आहे. ‘पोढी’ असा टाक्यासाठी त्यात शब्द आहे. पावसाळ्यात जेथे पाण्याला तोटा नाही आणि उन्हाळ्यात जेथे डोंगर कोरडा पडतो, तेथे पाणी साठविणे हे पुण्यकर्म मानले गेले. मावळातील पाण्याचा प्रश्न असा लेण्यांइतकाच जुना आहे.

लेण्यांच्या ओट्यावर उभे राहिले की खोऱ्याचा नकाशाच समोर उलगडतो. पायथ्याशी भाज्याची घरे, त्यापलीकडे द्रुतगती मार्गावरील वाहनांची न खंडणारी रांग, मग मळवलीचा लोहमार्ग, इंद्रायणीचे पात्र, जुना महामार्ग आणि समोरच्या डोंगरात कार्ले. मधली सारी जागा शेतांची आणि घरांची. कोणता रस्ता कोणत्या काळात आला आणि त्याने किती जमीन व्यापली, हे येथून एका दृष्टिक्षेपात कळते.

कार्ले : गावाच्या उत्पन्नावर उभे राहिलेले वैभव

समोरच्या कार्ल्यातील चैत्यगृह हे देशातील सर्वांत मोठे शैलगृह-चैत्य मानले जाते. ते कोणी एका राजाने खोदविले नाही. खांबांवरील व भिंतींवरील लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि द्वार करणारा सामी नावाचा सुतारही आहे. व्यापारी रस्त्याने आलेल्या पैशातून हे काम उभे राहिले.

परंतु काम उभे राहणे वेगळे आणि ते चालणे वेगळे. वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्यासाठी, येथे येणाऱ्या भिक्षूंना धान्य कोठून मिळत असे? याचे उत्तरही भिंतीवरच आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ‘वलूरक’ येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी ‘करजिक’ हे गाव दान दिले. वलूरक हे या लेण्यांचे तत्कालीन नाव होय. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केल्यानंतरही भिक्षुसंघाचा हा हक्क मान्य करणारा आदेश मामालच्या अमात्याला देण्यात आला. राज्य बदलले तरी गावाचे देणे चालू राहिले. कार्ल्याच्या भव्य खांबांकडे पाहताना त्यामागे खोऱ्यातील शेतकऱ्याचे पीक उभे आहे, याची आठवण ठेवावयास हवी.

एकवीरा देवी ही कोळी समाजाचे आणि अनेक कुटुंबांचे कुलदैवत. चैत्री यात्रेला मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरून भाविक येथे येतात. समुद्रकाठची माणसे घाटमाथ्यावरच्या देवीला येतात, यातही त्या जुन्या घाटवाटेची खूण पाहता येते.

लोहगडाचा घाट

भाजे गावातून लोहगडाकडे जाणारा रस्ता अरुंद, वळणावळणाचा आणि काही ठिकाणी चांगलाच उभा आहे. डावीकडे विसापूर आणि समोर लोहगड ठेवून तो गायमुख खिंडीत पोहोचतो. तेथून जवळच लोहगडवाडी हे गडाच्या पायथ्याचे गाव आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा एकामागोमाग चार दरवाजांची वळणदार वाट हे लोहगडाचे वैशिष्ट्य. विंचवाच्या नांगीसारखी पुढे गेलेली ‘विंचूकाटा’ माची गडावरून ठळक दिसते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत लोहगडाचा समावेश आहे.

विसापूर मात्र त्या यादीत नाही, जरी तो लोहगडाहून उंच आणि विस्ताराने मोठा असला तरी. दोन्ही किल्ल्यांचे नाते इतके जवळचे आहे की, मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी विसापूर घेतल्यावर लोहगड राखणे शक्य झाले नाही. एकीकडे इंद्रायणीचे आणि दुसरीकडे पवनेचे खोरे अशी दोन्ही खोरी गडावरून नजरेच्या टप्प्यात येतात. धान्य पिकविणारी गावे आणि घाटाकडे जाणारे रस्ते, या दोहोंवर लक्ष ठेवण्यासाठीच हे गड होते. जागतिक वारशाच्या दर्जामुळे लोहगडवाडीत खानावळी, वाहनतळ आणि घरगुती निवास यांतून चार पैसे येतील. त्याचबरोबर अरुंद घाटरस्त्यावरील गर्दी आणि कचराही वाढेल. दर्जा भूप्रदेशाला आहे, हे त्या नावातच आहे. गड राखला आणि भोवतालची शेते-वाड्या गेल्या, तर त्या शब्दाला अर्थ उरणार नाही.

पवनाकाठ : पाणी कोणाचे?

दुधिवरे खिंडीतून खाली उतरले की पवना धरणाचा जलाशय दिसू लागतो. पलीकडे तुंग आणि तिकोना हे किल्ले उभे आहेत. काठावर तंबूंच्या रांगा आहेत आणि शनिवार-रविवारी येथे मुक्कामाला येणाऱ्यांची मोठी गर्दी होते. नकाशावरही हा भाग आता पर्यटनस्थळ म्हणून ओळखला जातो.

हा जलाशय मुळात पर्यटनासाठी झालेला नाही. पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. आज पिंपरी-चिंचवडसारख्या उद्योगनगरीची तहान प्रामुख्याने त्याच पाण्यावर भागते. ज्यांची घरे व खाचरे पाण्याखाली गेली, त्यांपैकी अनेकांच्या पर्यायी जमिनीचा प्रश्न मात्र पुढे कित्येक दशके रेंगाळला. मावळाला हा अनुभव नवा नव्हता. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधण्यात आले आणि १९१५ मध्ये खोपोलीत वीजनिर्मिती सुरू झाली. पूर्वेला वाहणारे पाणी अडवून पश्चिमेला घाटाखाली सोडण्याची ही योजना होती. शेजारच्या मुळशीत तर १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला आणि त्यातून ‘सेनापती’ बापट हे नाव महाराष्ट्राला मिळाले.

या प्रश्नाचे सर्वांत वेदनादायक वळण ९ ऑगस्ट २०११ रोजी आले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तिघांचा मृत्यू झाला. नदीच्या पात्रातून पाणी सोडले की काठच्या शेतकऱ्याला उपसा करता येतो आणि विहिरींनाही पाझर मिळतो. बंद नळातून ते गेले की वाटेतील शेती कोरडी राहील, ही त्यामागची भीती होती. शहराच्या बाजूनेही युक्तिवाद होता. पात्रातून येताना पाणी वाया जाते आणि प्रदूषितही होते, असे सांगितले जात होते. गोळीबारानंतर अनेक वर्षे ही योजना ठप्प राहिली. ज्या द्रुतगती मार्गासाठी मावळची जमीन गेली, त्याच मार्गावर मावळच्या पाण्याचा प्रश्न रक्तरंजित व्हावा, हा योगायोग विसरता येण्यासारखा नाही.

गुलाब, फार्महाऊस आणि उरलेली खाचरे

पवनानगरहून कामशेतकडे येणारा रस्ता या फेरीतील सर्वांत निवांत टप्पा आहे. वाटेत बेडसे गावाच्या डोंगरात आणखी एक लेणे आहे. घोडे, हत्ती आणि त्यांवरील स्वार कोरलेले त्याच्या ओसरीतील उंच खांब पाहण्यासारखे आहेत. नाशिकच्या एका श्रेष्ठीच्या पुत्राने दिलेल्या दानाचा लेख येथे आहे. कार्ल्याची गर्दी टाळून शांतपणे लेणे पाहू इच्छिणाऱ्यांनी बेडसे चुकवू नये.

याच परिसरात पांढऱ्या प्लॅस्टिकचे लांबट मांडव जागोजागी दिसतात. ही गुलाबाची हरितगृहे होत. तळेगावजवळ औद्योगिक विकास महामंडळाने फुलशेतीसाठी स्वतंत्र उद्यान उभारले. थंड हवा आणि मुंबईच्या विमानतळाशी असलेला संपर्क यांमुळे मावळातील गुलाब परदेशी जाऊ लागला. चौदा फेब्रुवारीच्या ‘व्हॅलेंटाइन डे’साठी डिसेंबरच्या मध्यावर छाटणीचे गणित बसवावे लागते. फूल आठवडाभर लवकर उमलले तरी भाव पडतो. भातातून वर्षाकाठी जे हाती लागते, त्याहून अधिक रोख पैसा गुलाबात आहे. मात्र भांडवल, कर्ज आणि हवामानाची जोखीमही तेवढीच मोठी आहे. तरीही फुलशेतीत जमीन शेतकऱ्याकडेच राहते, हे महत्त्वाचे.

फार्महाऊस आणि प्लॉटच्या बाबतीत तसे होत नाही. द्रुतगती मार्गामुळे मुंबईकराला मावळ दोन तासांवर आले आणि जमिनीला सोन्याचा भाव मिळाला. कुळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला राज्यात परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. परंतु बिगरशेती केलेल्या जमिनीला ही अट लागू नसते. रस्त्याकडेला ‘निसर्गरम्य परिसरात एनए प्लॉट’ असे फलक दिसतात, ते यामुळेच. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. भाताचा उत्पादन खर्च, लावणीच्या दिवसांतील मजुरांची टंचाई, वाटण्या होत होत गुंठ्यांवर आलेले तुकडे आणि शहरात नोकरी करणारी पुढची पिढी, ही त्याची बाजू आहे. विकून आलेल्या पैशातून काहींनी व्यवसाय उभे केले, तर काहींच्या हाती घर आणि वाहन यांपलीकडे काही उरले नाही.

येथे खाचरांची मघाची रचना पुन्हा लक्षात घ्यावी लागते. मधल्या एखाद्या खाचरात भराव घालून कुंपण घातले की ती जमीन तर शेतीतून जातेच, शिवाय वरचे पाणी खाली उतरण्याची वाट बंद होते. वरच्या शेतात पाणी तुंबते, खालच्याला मिळत नाही आणि अतिवृष्टीत तेच पाणी रस्त्यावर किंवा घरांत शिरते. ज्या हिरवाईसाठी बंगला घेतला, ती हिरवाई बंगल्यामुळेच एकेका तुकड्याने नाहीशी होते. आल्हाददायक दृश्य विकण्याचा हा व्यवहार शेवटी दृश्यच संपवितो.

यावर रामबाण उपाय नाही. तथापि शहरवासीयाच्या हाती काहीच नाही, असेही नाही. रस्त्यावरच्या गावातून थेट शेतकऱ्याकडचा तांदूळ घेणे, गावातल्या घरी चालणाऱ्या खानावळीत जेवणे, स्थानिक कुटुंबाच्या जागेत मुक्काम करणे, एवढ्यानेही शेती टिकविण्याला हातभार लागतो. उभ्या पिकात शिरून छायाचित्रे काढणे, बांधावरून मोटारसायकल नेणे आणि ओढ्यात बाटल्या टाकणे यांनी किती नुकसान होते, हे मात्र पर्यटकाच्या ध्यानातही येत नाही. तुडविलेला बांध त्या रात्रीच्या पावसात फुटतो आणि लावणी केलेले रोप वाहून जाते.

कसे जावे, काय सांभाळावे

पुणे ते लोणावळा हे अंतर जुन्या महामार्गाने सुमारे ६५ किलोमीटर आहे. कार्ला फाटा लोणावळ्याच्या अलीकडे लागतो. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने दुचाकीस्वारांना जुन्या रस्त्यानेच जावे लागते आणि या फेरीसाठी तोच योग्यही आहे. वाहन नसल्यास पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरावे. तेथून भाजे लेणी पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. भाजे, कार्ले आणि बेडसे ही तिन्ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. सूर्यास्तापूर्वी तेथून बाहेर पडावे.

हिरवाई पाहण्यासाठी जुलै-ऑगस्ट, तर सोनेरी पडलेले भात आणि स्वच्छ आकाश यांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ उत्तम. पावसाळ्यात भाजे-लोहगड घाटात धुके आणि निसरडे रस्ते असतात. मोठी वाहने टाळावीत आणि निघण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाचे निर्बंध पाहावेत. हे निर्बंध त्रासदायक वाटले तरी त्यामागे कारणे आहेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तर १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळून चौघांचा मृत्यू झाला. डोंगरावर पडलेला पाऊस पायथ्याशी ऊन असतानाही ओढ्याला लोंढा आणतो. पवना जलाशयात पोहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. बुडालेल्या शेतांचे बांध आणि गाळ पाण्याखाली दिसत नाहीत.

संपूर्ण फेरीला थांबे धरून पूर्ण दिवस लागतो. सकाळी लवकर निघून भाजे आणि लोहगड दुपारपूर्वी करावे, पवनाकाठी जेवण घ्यावे आणि बेडसे पाहून संध्याकाळी कामशेतला यावे. परतताना बाजारातून नव्या भाताचा इंद्रायणी तांदूळ घेता येतो. तो कोणत्या गावचा आहे हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. सकाळी त्याच गावावरून वाहन गेलेले असण्याची शक्यता पुष्कळ असते.